करमतं का, हे कोण विचारणार?

आशाताईंच्या हातात एक फॉर्म असतो. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी तो भरायचा असतो, आणि आरोग्य खात्यात सगळे त्याला 'सीबॅक' म्हणतात. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर किंवा बीपी आहे का, खोकला किती दिवस आहे, असं विचारत विचारत तो पुढे सरकतो. साठीच्या पुढच्यांसाठी जास्तीचे प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? जेवायला, कपडे घालायला कुणाची मदत लागते का? जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरायला होतो का? आणि अगदी शेवटी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? उदास, हताश वाटतं का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली तर त्या माणसाला पुढे दवाखान्यात पाठवायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझे बरेचसे दिवस असले फॉर्म बनवण्यात जातात. त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: फॉर्ममध्ये प्रश्न घालणं सोपं असतं. उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हे अवघड असतं, आणि ते नेहमी फॉर्मच्या बाहेर घडतं.

त्या दोन प्रश्नांतल्या पहिल्याला मराठीत एक सुटसुटीत शब्द आहे. करमत नाही. सीमेपलीकडे गुजरातीत म्हणतात, 'गमतुं नथी'. साखर, बीपी, दमा, गुडघे असलं काहीतरी सोबत घेऊन वर्षानुवर्षं जगणारी म्हातारी माणसं हे वाक्य सारखं म्हणतात. आपण 'टीव्ही लावू का' म्हणतो आणि पुढे जातो.

माझं घर बोर्डीच्या बाजूचं. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके कोकणाच्या अगदी वरच्या टोकाला आहेत. २०११च्या जनगणनेत तलासरीत दहांतली नऊ माणसं आदिवासी होती, डहाणूत साधारण सात. वारली सगळ्यात जास्त. मला पडलेला प्रश्न असा: या भागातल्या आजारी म्हाताऱ्या माणसाला 'करमतं का' असं आजवर कुणी कुणी विचारलं? शोधायला लागलो तेव्हा दोन वाटा दिसल्या. एका वाटेने माणसाला उचलून लांब नेलं जायचं. दुसऱ्या वाटेने कुणीतरी त्याच्या अंगणात येऊन बसायचं. दुसऱ्या वाटेचा एक मोठा प्रयोग आमच्याच तालुक्यात झालाय, फक्त तो म्हाताऱ्यांसाठी नव्हता.

उशाशी बसलेला पाडा

पाड्यावर कुणी आजारी पडलं की आधी भगत येतो. तांदळाचे दाणे बघतो, कोणता देव रुसला, कोणता मेलेला पूर्वज मागं लागला ते सांगतो, उतारा सांगतो. आजही अनेक ठिकाणी दवाखाना आणि भगत दोन्ही चालतात. सकाळी गोळी, संध्याकाळी दाणे.

यातून साखर उतरत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण मनाच्या बाजूने पाहिलं तर तिथे काही गोष्टी घडत होत्या. घरातले, शेजारचे सगळे एकत्र जमत. आजाऱ्याच्या दुखण्याला एक नाव मिळे, कारण मिळे. आणि दोष त्याच्यावर येत नसे. 'तू नीट खात नाहीस, चालत नाहीस, म्हणून असं झालं' हे आजचा मधुमेही म्हातारा रोज ऐकतो. ते त्या म्हाताऱ्याला ऐकावं लागत नव्हतं.

एवढंच सांगून थांबलो तर मात्र ती खोटी गोष्ट होईल. के. जे. सावे यांचं 'द वारलीज' हे पुस्तक १९४५ साली आलं. त्यात भगताइतकीच भुताळीबद्दलची समजूतही आहे. मूल दगावलं, गुरं मेली, ताप हटेना, तर कुणीतरी बाई 'भुताळी' ठरायची. ती बहुतेकदा एकटी असायची, विधवा असायची, वयाने मोठी असायची. म्हणजे जी व्यवस्था एका म्हातारीच्या उशाशी सगळा पाडा बसवायची, तीच दुसरीला पाड्याबाहेर काढायची. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली. म्हातारपणी एकटं पडणं आपल्याकडे नुसतं दुःखाचं नव्हतं, धोक्याचंही होतं.

ठाणं

सरकारची वाट वेगळी होती. १९०१ साली ठाण्यात वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. देणगीदार नरोत्तमदास माधवदास यांचं नाव त्याला होतं. आज त्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणतात. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर शंभरावर वर्षं आमच्या जिल्ह्याचं मन सांभाळणारं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे तेच.

ते डहाणूपासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. रेल्वेने जायचं तर पश्चिम रेल्वेने खाली दादरला उतरा, मग मध्य रेल्वेने परत वर ठाण्याला या. डहाणू रोडपर्यंत लोकल आली तीच २०१३ साली. तलासरीच्या आतल्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला त्याआधी डहाणू रोड गाठायचं असतं. संधिवात असलेल्या सत्तरीच्या बाईला हा प्रवास करून दाखवायला सांगा.

अंतरापेक्षाही महत्त्वाचा होता कायदा. १९१२च्या कायद्याची नजर दोन प्रकारच्या माणसांवर होती: जो इतरांना धोकादायक आहे तो, आणि जो रस्त्यावर भटकतोय तो. दाखल करण्याचा मार्ग कोर्टातून जायचा. कोपऱ्यात गप्प बसलेला, जेवण कमी झालेला, रात्रभर जागा असलेला म्हातारा यात कुठेच बसत नव्हता. तो कुणाला त्रास देत नव्हता, म्हणून तो रुग्णच नव्हता. १९४६च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णालयांच्या खाटा सुमारे दहा हजार होत्या. गप्प बसलेल्या म्हाताऱ्याचा नंबर त्यात कधी लागणार?

याचा एक परिणाम भाषेत उरला. 'याला ठाण्याला पाठवा' ही चेष्टा आमच्या भागात अजून चालते. पुण्याकडे तिथे येरवडा असतं. मनाबद्दल विचारलं की म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती भिंत येते आणि तो 'मला काही झालेलं नाही' म्हणून मोकळा होतो.

१९४५

दुसऱ्या वाटेची गोष्ट एका वर्षात गोळा झालेली आहे. सावे यांचं पुस्तक आलं ते १९४५. त्याच वर्षी मे महिन्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने झरी इथे वारल्यांची मोठी सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा तो सगळा भाग उंबरगाव तालुक्यात होता. वेठबिगार करायची नाही, असं तिथे ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

हा इतिहास जमिनीचा आणि मजुरीचा म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा आहेच. पण गोदावरीबाईंनी पंचवीस वर्षांनी, १९७० साली, यावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'जेव्हा माणूस जागा होतो'. नावात जमीन नाही, माणूस आहे. सावकार आणि जंगल ठेकेदाराच्या भीतीने वाकलेली माणसं हा त्यांच्या कामाचा पहिला अडथळा होता. तो पार करायला त्यांना पाड्यापाड्यावर जाऊन राहावं लागलं, ऐकत बसावं लागलं.

आणि याच १९४५ साली, झरीपासून फार लांब नाही अशा बोर्डीत, ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. या दोघींच्या कामात मला माझ्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर सापडलं.

शाळा उठून गेली

ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या. बालशिक्षण हा त्यांचा हातखंडा. बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली. मुलं येईनात. विशेषतः दलित वस्तीतली. यावर दोन उत्तरं असू शकतात. एक: लोकांना शिक्षणाची किंमत कळत नाही. दुसरं: बालवाडी चुकीच्या जागी आहे. ताराबाईंनी दुसरं उत्तर धरलं आणि बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पाड्यांमध्ये. तिथे नवीन अडचण आली. मोठी मुलं गुरांमागे जायची. गुरं सोडून शाळेत येणं शक्यच नव्हतं. मग शिक्षक गुरांमागे गेले. मुलं जिथे गुरं चारतात तिथे, कुरणातच शाळा. तिचं नाव कुरणशाळा. जी मुलगी लहान भावंडाला सांभाळायचं म्हणून शाळेला येत नव्हती, तिच्या भावंडासाठी शाळेशेजारी पाळणाघर आणि बालवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आणणाऱ्या या रचनेला विकासवाडी म्हणत.

दर वेळी डोकं एकच लावलेलं दिसतं. माणूस येत नाही म्हणजे त्याचं काहीतरी कारण आहे. ते कारण शोधा आणि तुमची सोय त्याच्या दारापर्यंत न्या. २ ऑक्टोबर १९७५ला देशभर एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि ताराबाईंच्या कामातला अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. आज केरळपासून आसामपर्यंत जो शब्द चालतो, त्याचं मूळ डहाणू तालुक्यात आहे. आम्हाला चिकूचा अभिमान जास्त, याचा कमी.

वयाचा हिशेब करून पाहिला. ताराबाईंचा जन्म १८९२चा. म्हणजे टेकडीवर चढल्या तेव्हा पासष्टीच्या. १९७३ साली, ८१व्या वर्षी त्या गेल्या. अनुताई १९९२पर्यंत, ८२ वर्षांच्या होईपर्यंत जगल्या आणि कोसबाडशी त्यांचं नातं शेवटपर्यंत राहिलं. म्हातारपण म्हणजे फक्त घ्यायचं वय, असं मानायची सवय असेल तर ही टेकडी एकदा बघून यावी.

डॉक्टर गावात निघाले

मानसिक आरोग्याच्या लोकांनाही हे उशिरा का होईना कळलं. पन्नाशीच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन सोबत राहू दिलं. कुटुंब सोबत असलं की माणूस लवकर सावरतो, हे तिथे दिसलं. १९७५च्या सुमारास चंदीगडजवळ रायपूर राणी आणि बंगळूरजवळ सकलवारा इथे गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवण्याचे प्रयोग झाले. १९८२ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बेल्लारी जिल्ह्यात १९८५पासून तो पूर्ण जिल्हाभर करून पाहिला आणि त्यावरून १९९६ला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. २०१७च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२ला टेली-मानस सुरू झालं: १४४१६ हा फुकटचा नंबर, चोवीस तास. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. तलवाड्याच्या गोळीबाराची तारीखही तीच. यात काही अर्थ नाही, पण मी ती तारीख आता विसरत नाही.

हे सगळं होत असताना म्हातारपणासाठी आणि जुनाट आजारांसाठी वेगळे कार्यक्रम निघाले. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०चा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाचा कार्यक्रमही २०१०चाच. तिन्ही गरजेचे. पण म्हातारी एकच असते. तिची साखर एका रजिस्टरमध्ये, गुडघे दुसऱ्यात, आणि 'करमत नाही' तिसऱ्यात. आमच्या धंद्यात तीन टीमने तीन डेटाबेस बनवले की असंच होतं: प्रत्येकाकडे माणसाचा एक तुकडा असतो.

माझ्या आजीला मधुमेह होता. एका खाजगी दवाखान्यात दर महिन्याला नेत असू. तिथे तिच्या साखरेचा आकडा विचारला जाई, गोळी वाढे किंवा कमी होई. दोन वर्षांत झोप लागते का, हे एकदाही कुणी विचारलं नाही. आजी घरी मात्र रोज सांगायची की रात्र सरत नाही.

शरीराच्या आडोशाला

म्हाताऱ्या माणसाची उदासी सहसा 'मी उदास आहे' असं म्हणत येत नाही. अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, तोंडाला चव नाही, झोप उडाली, असं म्हणत येते. आणि ज्याला आधीच चार आजार आहेत त्याच्या बाबतीत हे सगळं त्या आजारांच्या खात्यावर सहज जमा होतं. उलटही होतं. थायरॉइड बिघडलं, बी-१२ कमी पडलं, ऐकू येईनासं झालं, मोतीबिंदू पिकला, तरी माणूस मिटल्यासारखा दिसतो. त्यामुळे आधी शरीर तपासणं आवश्यक असतं. जोडीदार गेल्यावरचं दुःख हा आजार नाही, त्याला वेळ आणि माणसं लागतात. पण आठवडेच्या आठवडे जेवण, झोप, बोलणं हरवलं तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नाही.

साखर आणि उदासी एकमेकांचा हात धरून चालतात. मन बसलं की माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, वेळी-अवेळी खातो. साखर वाढते. साखर वाढली की थकवा येतो, पाय झिणझिणतात, झोप तुटते. मन आणखी बसतं. यातलं एकच टोक ओढून गाठ सुटत नाही.

देशभरच्या ज्येष्ठांची २०१७-१८ला 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली. त्यात साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी निदान केलंय असं सांगणारे फक्त ०.८ टक्के होते. दहा जणांमागे एक. उरलेले नऊ कुठल्यातरी ओट्यावर बसलेले आहेत.

आमच्या भागात त्या ओट्याला आणखी एक संदर्भ आहे. भात कापून झालं की पाड्यावरची तरुण माणसं वीटभट्टीवर, मिठागरावर, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वापी, उंबरगाव, सिल्वासा, तारापूरच्या कारखान्यांत जातात. काही रोज परत येतात, काही पावसाळ्यालाच. मागे उरतात म्हातारे आणि लहान मुलं. माझ्यासारखे शिकून मुंबई-पुण्याला गेलेलेही वेगळं काही करत नाहीत. फक्त आम्ही व्हिडिओ कॉल करतो. डहाणू-कासाची उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय आहे, पण गोळ्या आणायला म्हातारीला सोबत लागते, आणि सोबत बोटीवर आहे.

गोव्यात, पेठेत, हरारेत

मग करायचं काय? यावर आपल्याच किनाऱ्यावर एक उत्तर तपासून झालेलं आहे. गोव्यात 'संगत' संस्थेने आधी 'मानस' नावाचा प्रयोग केला. प्राथमिक दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करायची. २०१०ला त्याचे निष्कर्ष आले, सरकारी केंद्रांत फायदा दिसला. त्यानंतर खास साठीपुढच्यांसाठी 'दिल' प्रयोग झाला. नाव म्हणजे 'उतारवयातलं नैराश्य' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली तो प्रसिद्ध केला.

यात १८१ ज्येष्ठ होते. पूर्ण नैराश्य नव्हतं, पण मन उतरणीला लागलं होतं असे. अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली, अर्ध्यांना समुपदेशकांची. समुपदेशक काय करायचे ते मुद्दाम सांगतो. एक: अडचण सोडवायला शिकवणं. अडचणींची यादी करा, एक छोटी निवडा, तिच्यावर सुचतील ते उपाय लिहा, एक करून बघा, पुढच्या वेळी काय झालं ते बोला. (आम्ही याला डीबगिंग म्हणतो.) दोन: झोपेची घडी बसवणं. तीन: मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते समजावणं. चार: सरकारी योजना आणि दवाखान्याची मदत मिळवून देणं. वर्षभरात नेहमीच्या सेवेतल्या सुमारे १४ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आलं. समुपदेशनवाल्या गटात सुमारे ४ टक्के. गट लहान होता, हे खरं. पण दिशा स्पष्ट आहे.

चौथ्या मुद्द्यापाशी मी थांबलो. पेन्शनचा अर्ज भरणं हा मनाचा उपचार कसा? पण कागद अडकलेली म्हातारी रात्री त्याच कागदाचा विचार करत जागी असते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, म्हणजे आमच्यासारख्याच डोंगराळ आदिवासी भागात, पुण्याच्या एका कायदा-आरोग्य केंद्राने २०१३पासून 'आत्मीयता' हा उपक्रम केला. गावातलेच स्वयंसेवक दुःखी माणसाशी बोलायचे, फोनवर छोट्या फिल्म दाखवायचे, आणि सरकारी योजनेचा लाभ मिळवायला मदतही करायचे. पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. श्रावणबाळ योजनेचं पेन्शन सुरू होणं आणि झोप लागणं यांचा संबंध पेठेतल्या स्वयंसेवकाला समजावून सांगावा लागला नसेल.

आणि हरारे. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६च्या सुमारास दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले आणि त्यावर प्रशिक्षित आज्यांना बसवलं. लोकांच्या शोना भाषेत नैराश्याजवळचा शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे विचार जास्त करणं. आज्या तोच शब्द वापरायच्या. २०१६ला चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा बाकावर बसलेल्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. 'करमत नाही'ला आपल्याकडे असा बाक अजून मिळायचाय.

गोवा, पेठ, हरारे, तिन्ही ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ मागे उभा होता. गोळ्या लागणाऱ्यांना गोळ्या लागतातच, आणि मरणाची भाषा बोलणाऱ्या म्हाताऱ्याला 'असं बोलू नये' म्हणून गप्प करायचं नसतं. सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा किंवा १४४१६ला फोन लावायचा. पण तज्ज्ञापर्यंत पोचायच्या आधीचं जे मोठं मैदान आहे, तिथे ओळखीचं माणूस नेमाने येतं का, यावर बरंच ठरतं.

दुपारनंतरची खोली

माझ्यासारख्याला वाटतं की यावर ॲप काढावं. काढता येईल. आशाताईंना आठवण देणारं, तीन रजिस्टरं एकत्र जोडणारं. त्याचा उपयोगही होईल. पण फॉर्मचे शेवटचे दोन प्रश्न विचारून आशाताई पुढच्या घरी जातात, कारण त्यांच्याकडे लसीकरण आहे, बाळंतीण आहे, सर्व्हे आहे. त्यांना जास्तीचं काम देऊन जास्तीचे पैसे आणि माणसं न देणं हा उपाय नाही. हरारेच्या आज्या आणि पेठेचे स्वयंसेवक हे जास्तीची माणसं होती, हे विसरून चालणार नाही.

ती माणसं कुठून येतील? आमच्या पाड्यांवर धडधाकट साठीच्या बाया आहेत, निवृत्त झालेले शिक्षक आहेत, ज्यांच्याकडे सगळं गाव ओळखीचं आहे आणि दुपार रिकामी आहे. भगताकडे माणसं जमवण्याचं जुनं कसब आहे. त्यातला भुताळी ठरवण्याचा भाग ठामपणे बाहेर ठेवून त्यांना 'आठवडे झाले, जेवत नाही, तर दवाखान्यात पाठवा' एवढं शिकवता आलं तरी पुष्कळ. आणि जागा तर आधीपासून आहे. ताराबाईंचा शब्द मिरवणारी अंगणवाडी जवळजवळ प्रत्येक गावात आहे. मुलं दुपारी घरी गेली की ती खोली बंद होते.

आठवड्यातली एक दुपार ती उघडी ठेवायची. बीपी तपासायचं, गोळ्या मोजायच्या, पेन्शनचा कागद वाचून दाखवायचा, चहा करायचा. आणि ज्याला तिथपर्यंत चालता येत नाही त्याच्या अंगणात दोघांनी जाऊन बसायचं. मुलं आली नाहीत तेव्हा बोर्डीत हेच केलं होतं.